सांगावे किती, शोधू द्यावे किती?

(एका संगणक-खेळाच्या आणि त्यावरील तक्रारींच्या निमित्ताने)

प्रयोगाचे साहित्य टेबलावर मांडून विद्यार्थ्यांना "आता बघा काय होते ते" असे म्हटले, की पाच मिनिटांत एक ठरलेला प्रश्न येतो : "सर, पण करायचं काय ते सांगा ना!" हा प्रश्न प्रत्येक विज्ञान-शिक्षकाच्या ओळखीचा आहे. सगळे सांगून टाकले तर प्रयोगाचा नुसता विधी होतो : अमुक ओता, तमुक तापवा, रंग बदलला असे लिहा. काहीच सांगितले नाही तर निम्मा वर्ग हाताची घडी घालून बसतो आणि उरलेला निम्मा शेजारच्या वहीत डोकावतो.

२०१२ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात क्लेई एन्टरटेनमेंट या छोट्या कंपनीपुढे हाच पेच उभा राहिला होता. ही मंडळी शिक्षणक्षेत्रातली नव्हेत. ती 'डोन्ट स्टार्व्ह', म्हणजे 'उपाशी मरू नका', या नावाचा संगणकावरचा खेळ तयार करत होती. खेळाडू तक्रारी करत होते आणि कर्ते त्यांना उत्तरे देत होते. ही उत्तरे नुसत्या शब्दांत नव्हती. खेळ बदलून दिलेली ती उत्तरे होती. शिक्षकाने त्यांच्याकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते. त्यांतली दोन उत्तरे फार चांगली आहेत आणि एक, माझ्या मते, अर्धवट आहे. या लेखात या तिन्हींची छाननी करायची आहे.

खेळ काय आहे?

विल्सन नावाचा एक हौशी शास्त्रज्ञ आहे. मॅक्सवेल नावाच्या एका गूढ माणसाच्या नादी लागून तो एक यंत्र बांधतो आणि ते यंत्र त्याला एका अनोळखी रानात नेऊन टाकते. खेळ इथे सुरू होतो. खिशात काही नाही. मॅक्सवेल समोर येतो, रात्र व्हायच्या आत खायला काहीतरी शोध अशा अर्थाचे बोलतो आणि नाहीसा होतो. यापुढे कोणी काही सांगत नाही.

मग गवत उपटायचे, काटक्या वेचायच्या, गारगोटी शोधायची, कुऱ्हाड करायची, झाड तोडायचे, रात्री शेकोटी पेटवायची. उजेड नसेल तर अंधारातले काहीतरी येऊन विल्सनला मारते. पडद्याच्या कोपऱ्यात तीन चकत्या दिसतात : पोट, मेंदू आणि हृदय. पोट रिकामे झाले की प्रकृती ढासळू लागते. अंधारात फार काळ राहिले किंवा भलतेसलते खाल्ले की मन थाऱ्यावर राहत नाही. विल्सन मेला की खेळ संपतो आणि ते रानही पुसले जाते. पुन्हा जिवंत होण्याची काही साधने आहेत, पण ती आधी मिळवून ठेवावी लागतात. नव्या डावात रान नवे आणि नकाशाही नवा.

हा खेळ लोकांसमोर कसा आला तेही महत्त्वाचे आहे. २०१२ साली त्याची चाचणी-आवृत्ती गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये खेळता येऊ लागली. पूर्ण आवृत्ती २३ एप्रिल २०१३ रोजी निघाली. खेळ अपुरा असतानाच तो लोकांच्या हाती दिलेला होता आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्यात बदल होत होते. आपण शोधनिबंध छापायला देण्यापूर्वी सहकाऱ्यांना वाचायला देतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे सहकाऱ्यांच्या जागी हजारो अनोळखी माणसे होती आणि ती कोणतीही भीड बाळगत नव्हती.

गाजरांचा हिशेब

तक्रारींकडे वळण्यापूर्वी या खेळाचे बळ कशात आहे ते पाहू. ते चित्रांत आहेच, पण त्याहून अधिक हिशेबात आहे.

विल्सनच्या पोटाची क्षमता १५० एकके धरलेली आहे. खेळातला एक दिवस आपल्या ८ मिनिटांचा असतो आणि त्या दिवसात पोटातली ७५ एकके खर्च होतात. म्हणजे पोट पूर्ण भरलेले असले तर ते दोन दिवस पुरते. कच्च्या गाजराने १२.५ एकके मिळतात आणि रानातल्या एका बोरासारख्या फळाने ९.३७५. तेव्हा नुसत्या गाजरांवर राहायचे तर दिवसाला ६ गाजरे लागतील आणि नुसत्या फळांवर राहायचे तर ८ फळे.

ही मूल्ये खेळात कुठेही लिहिलेली नाहीत. पण चकतीवर बाण नेला की पोटाचा आकडा दिसतो. खाण्यापूर्वीचा आकडा वाचा, खाल्ल्यानंतरचा वाचा आणि वजाबाकी करा. आकडा पूर्णांकातच दिसतो, त्यामुळे एका गाजराने नेमकी किती भर पडली हे कळत नाही. दोन-चार गाजरे खाऊन भागाकार केला की अंदाज सुधारतो. इतक्यात भूकही थोडी पुढे सरकलेली असते, तीही धरावी लागते. मोजमाप, सूक्ष्मतेची मर्यादा, सरासरी आणि चुकीचा उगम : आठवी-नववीच्या प्रयोगवहीत आपण जे शिकवू पाहतो, ते सारे इथे एका गाजरात आहे.

पुढची पायरी आणखी रंजक आहे. मूळ खेळात उपटलेले गाजर त्या जागी पुन्हा उगवत नाही. फळाचे झुडूप मात्र काही दिवसांनी पुन्हा फळते. पहिला साठा संपणारा आहे, दुसरा पुन्हा भरणारा. पहिल्या आठवड्यात गाजरांची चंगळ करणारा खेळाडू तिसऱ्या आठवड्यात मैलोगणिक भटकत राहतो. त्यातच सुमारे २० दिवसांनी हिवाळा येतो आणि झुडपे फळायची थांबतात. साठवून ठेवावे म्हटले तर अन्न नासते : ताजी फळे ६ दिवसांत कुजतात, मांस वाळवून ठेवले तर २० दिवस टिकते. रानरेड्यांसारखा एक प्राणी कळपाने राहतो. कळपातली काही जनावरे शिल्लक ठेवली तर कळप वाढतो, सगळी मारली तर तो कळप कायमचा गेला. साधनसंपत्तीचा वापर आणि तिचे पुनर्भरण यांचा वेग जुळला पाहिजे, हे पर्यावरणाच्या धड्यातले वाक्य आहे. खेळाडूला ते कोणी ऐकवत नाही, उपासमार त्याला ते समजावते.

पहिली तक्रार : काय करायचे ते कळत नाही

चाचणीसाठी खेळायला बसवलेल्या लोकांची पहिली अडचण अगदी साधी होती. काय करावे हेच त्यांना कळेना. रानात थोडे फिरायचे, रात्र पडली की मरायचे आणि कंटाळून उठायचे. मात्र एखाद्या-दुसऱ्या सूचनेने सुरुवात जमली की तीच माणसे रमून जात, हेही कर्त्यांच्या लक्षात आले.

मग त्यांनी आपण शिक्षक मंडळी करतो तेच केले. छोट्या छोट्या कामांची एक मालिका तयार केली : अमुक गोळा करा, तमुक बनवा, इतके दिवस जगून दाखवा. एक काम झाले की पुढचे. या मालिकेतून खेळाडूला खेळाचे नियम आपोआप कळतील अशी कल्पना होती.

अडचण दूर झाली, पण खेळ मेला. खेळाडू यादीतली कामे शक्य तितक्या लवकर उरकू लागले. यादीत नसलेल्या सगळ्या गोष्टी त्यांना निरर्थक किंवा धोक्याच्या वाटू लागल्या. टेकडीपलीकडे काय आहे, हे फूल खाल्ले तर काय होईल, असले प्रश्न कोणी विचारीना. यादी संपली की खेळातला रसही संपला. आपणच खेळाडूला कामांच्या यादीवर अवलंबून राहायला शिकवले, असा निष्कर्ष कर्त्यांनी काढला आणि ती मालिका काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी पडद्यावरची मांडणी अधिक बोलकी केली. आज खेळ पाहिला तर दिसते, की एखादे साधन बनवण्याइतके साहित्य हाताशी आले, की यादीतले ते साधन उजळते. ते बनवा असे कोणी म्हणत नाही. बनवता येईल, एवढेच कळते.

हे उत्तर उत्तम का आहे? खेळाडूंच्या तक्रारीत दोन गोष्टी होत्या. एक दुखण्याची जागा : "सुरुवातीला आम्ही अडतो." दुसरी सुचवलेले औषध : "काय करायचे ते सांगा." कर्त्यांनी आधी ते औषध देऊन पाहिले आणि त्याचा परिणाम मोजला. परिणाम मोजताना तक्रार थांबली की नाही एवढेच पाहिले नाही. खेळाडू अजून स्वतःचे प्रश्न विचारतो आहे का, हेही पाहिले. औषध चुकले असे दिसताच ते मागे घेतले, पण दुखण्याची जागा खरी होती हे विसरले नाहीत.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांना यात जुनी ओळख पटेल. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडणारी मुले निवडली. त्यांचे तीन गट केले. एका गटाला चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला न सांगता नंतर बक्षीस दिले आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुले काय करतात ते गुपचूप पाहिले. बक्षिसाच्या कबुलीवर चित्रे काढलेल्या मुलांनी चित्रांना जो वेळ दिला, तो इतर दोन गटांच्या सुमारे निम्माच होता. आवडीचे काम बक्षिसासाठी केले की ते बक्षिसापुरतेच उरते.

याच दिशेचा आणखी एक बदल चाचणीच्या काळात झाला. खेळात 'विज्ञान-यंत्र' नावाचे एक साधन आहे. सुरुवातीला गोळा केलेल्या वस्तू त्या यंत्रात टाकून 'संशोधन-गुण' मिळवायचे आणि ते गुण खर्चून नव्या साधनांची माहिती विकत घ्यायची, अशी पद्धत होती. नंतर ती रद्द झाली. आता नवे साधन पहिल्यांदा त्या यंत्राजवळ उभे राहून प्रत्यक्ष बनवावे लागते, पुढे ते कुठेही बनवता येते. संशोधक म्हणून मला दुसरी पद्धत विज्ञानाच्या जवळची वाटते. गुण साठवून ज्ञान मिळत नाही. पहिला नमुना खटपट करून उभा करावा लागतो, दुसरा सोपा जातो.

अर्धवट उत्तर

आता माझा आक्षेप. "सगळे काही खेळाडूने स्वतः शोधावे" हे धोरण कर्त्यांनी सरसकट सगळ्याला लावले. पण खेळाडू ज्यासाठी अडतो त्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात.

गाजरांचा हिशेब पहिल्या प्रकारचा. तो निरीक्षणाने आणि विचाराने सोडवता येतो. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणून खेळातले शिजवण्याचे भांडे घेऊ. त्यात चार जिन्नस टाकले की एक पदार्थ तयार होतो. चार फळे टाकली तर मुरंबा होतो आणि तो खाल्ल्यावर ३७.५ एकके मिळतात. चार कच्च्या फळांचे मूल्य ४ × ९.३७५, म्हणजे तेवढेच. भुकेच्या बाबतीत शिजवून फायदा शून्य. आता तीन फळांबरोबर मांसाचा एक छोटा तुकडा टाका. कच्च्या जिनसांची बेरीज १२.५ + २८.१२५, म्हणजे सुमारे ४०.६. पण तयार होणाऱ्या मांसाच्या गोळ्यांचे मूल्य आहे ६२.५!

ही जवळजवळ २२ एककांची भर आली कुठून? शिजवण्याने अन्नातून शरीराला मिळणारी ऊर्जा वाढते, हे खरे आहे. रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाने ही कल्पना आग्रहाने मांडली आहे. रेचेल कार्मोडी आणि रँगम यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत रताळी आणि मांस शिजवून दिल्यावर उंदरांना त्यांतून अधिक ऊर्जा मिळते असे दिसले. पण खेळातल्या भरीचे कारण हे नव्हे. तसे असते तर मुरंब्यातही भर पडली असती. ही भर म्हणजे पाककृती ठाऊक असल्याचे बक्षीस आहे. आणि ती पाककृती कोणत्याही निरीक्षणातून निघत नाही. कर्त्यांनी तसे ठरवले, म्हणून ते तसे आहे.

ब्रिटनमधील गणितशिक्षणाचे अभ्यासक डेव्ह ह्युइट यांनी १९९९ साली असाच भेद मांडला होता. काही गोष्टी संकेताने ठरलेल्या असतात आणि काही अपरिहार्य असतात. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश मानायचे हा संकेत आहे. कोणी कितीही विचार केला तरी हा आकडा त्याला डोक्यातून काढता येणार नाही. तो सांगावाच लागतो. पण त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज अर्ध्या वर्तुळाइतकी होते, हे विचाराने शोधता येते. ते सांगून टाकले तर मुलाची संधी हिरावली जाते. सोडियमची संज्ञा 'Na' का, असा शोध मुलाला घ्यायला लावणे हा शिक्षणाचा प्रयोग होत नाही, तो नुसता छळ होतो. बर्फ पाण्यावर का तरंगते हा मात्र शोधण्याचा विषय आहे.

या कसोटीवर क्लेईचे उत्तर अपुरे पडते. पाककृती हा संकेत आहे. तो लपवला की खेळाडूकडे दोनच मार्ग राहतात : अंदाजाने जिनसा टाकत राहणे किंवा दुसऱ्याला विचारणे. अंदाज महाग पडतो, कारण जमले नाही तर भांड्यातून पोटाला शून्य उपयोगाचा लगदा बाहेर येतो आणि चार जिन्नस वाया जातात. हिवाळ्यात चार जिन्नस म्हणजे अर्धा दिवस. आणि चूक फारच महाग पडली तर विल्सन मरतो, कित्येक तासांची मेहनत रानासकट पुसली जाते आणि पुढच्या डावातले रान वेगळे असते. एकच गोष्ट बदलून बाकी सारे तसेच ठेवायचे, हा प्रयोगाचा मूळ नियम. तो इथे पाळणे कठीण होते.

मग माणसे काय करतात? विद्यार्थी करतात तेच. खेळाडूंनी मिळून या खेळाचे जाडजूड ज्ञानकोश तयार केले. प्रत्येक पदार्थ, प्रत्येक आकडा, प्रत्येक प्राण्याची सवय त्यांत कोष्टकांसह लिहिलेली आहे. ते तयार करणाऱ्यांनी खरे संशोधन केले, यात शंका नाही. पण त्यांच्यामागून येणारा खेळाडू कोष्टक उघडून खेळतो. त्याच्या लेखी ते 'गाईड' आहे. आपल्याकडे परीक्षेत एक गुण गेला की आकाश कोसळते, म्हणून मुले प्रयोगवही भरताना आधीच्या वर्षाची वही समोर ठेवतात. इथेही कारण तेच आहे. चुकीची किंमत जितकी जास्त, तितकी नक्कल जास्त. शोधायला सांगायचे आणि चुकल्यास सगळे हिरावून घ्यायचे, ही दोन धोरणे एका घरात नांदत नाहीत.

न्यायाने हेही सांगायला हवे, की पुढे कर्त्यांनी या बाजूला काही पावले टाकली. याच खेळाच्या नंतरच्या सामुदायिक आवृत्तीत त्यांनी एक पाकपुस्तक दिले. ते सुरुवातीला कोरे असते. तुम्ही जो पदार्थ शिजवाल त्याची नोंद त्यात आपोआप होते आणि पुढच्या डावातही ती टिकते. विल्सन मेला तरी वही शिल्लक राहते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेतही प्रयोग फसतो, काच फुटते, नमुना नासतो, पण नोंदवही राहते आणि उद्याचे काम कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. मरण सौम्य असलेला निवांत खेळप्रकारही त्या आवृत्तीत पुढे आला. मात्र हे सारे येईपर्यंत मूळ खेळाला बरीच वर्षे झाली होती.

दुसरी तक्रार : आम्हाला सोबत हवी

पूर्ण आवृत्ती निघाल्यावर एक मागणी सतत येत राहिली : मित्रांबरोबर एकत्र खेळता आले पाहिजे. कर्त्यांनी सुरुवातीला स्पष्ट नकार दिला. खेळाची सगळी रचना एकट्या माणसासाठी केलेली होती. रात्रीच्या अंधाराची भीती, मन सैरभैर होणे, कोणीच मदतीला नसणे, हे सारे एकटेपणावर उभे होते. मागणी थांबली नाही. २०१४ साली कंपनीने आपला निर्णय बदलला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर' या नावाने चाचणी-आवृत्ती आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिची पूर्ण आवृत्ती निघाली.

वरवर पाहता लोकांच्या रेट्यापुढे कर्ते नमले असे दिसते. पण त्यांनी काय केले ते पाहा. जुन्या रानात दोन-चार माणसे जास्त सोडून ते मोकळे झाले नाहीत. एकाने मेल्यावर काय होणार, हा प्रश्न त्यांनी नव्याने सोडवला. आता मेलेला खेळाडू भूत होऊन वावरतो. इतरांनी खटपट करून त्याला पुन्हा जिवंत करता येते. पण जवळ भूत असले की जिवंत माणसांचे मन खचत जाते. म्हणजे मित्राचा मृत्यू हे सगळ्यांचे संकट बनते आणि त्याला परत आणण्यात सगळ्यांचा फायदा असतो. एकटेपणाची भीती गेली, तिच्या जागी परस्परावलंबन आले.

गटकार्य म्हणून चार मुलांना एका टेबलाशी बसवणारा शिक्षक इथे थांबून विचार करू शकतो. टेबल एक केले म्हणून काम एक होत नाही. एकाचे अडणे ही बाकी तिघांचीही अडचण व्हावी, अशी रचना असेल तरच ते एकमेकांना समजावतील. नाहीतर हुशार मूल प्रयोग करते आणि तिघे आकडे उतरवून घेतात.

न बोलणाऱ्यांचे काय?

आता तक्रारींच्या पुराव्याविषयी एक शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या व्यवसायातला आहे. तक्रार हा एक नमुना आहे. कोणताही नमुना हाती आला की संशोधक पहिला प्रश्न विचारतो : हा कोणाचा नमुना?

समजा, शंभर जणांनी खेळ सुरू केला. साठ जण पहिल्या दोन रात्रींत मेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. तीस जण महिनाभर खेळले. दहा जण वर्षानुवर्षे खेळत आहेत. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) कर्त्यांपर्यंत पोचणारी पत्रे कोणाची असतील? बहुतेक त्या दहांची. त्यांना खेळ सोपा वाटू लागलेला असतो आणि तो अधिक कठीण करा अशी त्यांची मागणी असते. सोडून गेलेल्या साठ जणांना तक्रार करण्याइतकीही गोडी लागलेली नसते. आलेल्या पत्रांची प्रामाणिक सरासरी काढली तरी उत्तर चुकते, कारण ज्यांचे सर्वांत जास्त अडले ते सरासरीत नाहीतच.

म्हणून चाचणीच्या काळात कर्त्यांनी नवख्या माणसाला समोर बसवून तो कुठे अडतो ते पाहिले, याला मी मोठे महत्त्व देतो. पहिल्या तक्रारीवर त्यांना चांगले उत्तर सापडले याचे एक कारण हे आहे, की त्यांच्याकडे शब्दांपलीकडचा पुरावा होता. वर्गातही "कळलं का?" या प्रश्नाला पुढच्या दोन बाकांवरून "हो" येते. तो नमुना कोणाचा आहे, हे आपण जाणतोच. मागच्या बाकावरचे मूल प्रयोग करताना त्याचा हात कुठे थांबतो, ते शेजारी उभे राहूनच कळते.

शिक्षकांसाठी

हा खेळ वर्गात आणावा असे मी सुचवत नाही. त्यात बरीच मारामारी आहे, तो फार वेळ खातो आणि प्रत्येक शाळेत त्याजोगते संगणकही नसतात. त्यावरच्या वादातून घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

पुढच्या प्रयोगाच्या तासाला मुलांचे "ते सांगा ना सर" हे प्रश्न दोन रकान्यांत लिहून पाहा. एका रकान्यात संकेताचे प्रश्न : हे चिन्ह कसे वाचायचे, हे उपकरण कसे धरायचे, नोंद कोणत्या एककात करायची. यांची उत्तरे लगेच आणि आनंदाने द्यावीत. दुसऱ्या रकान्यात विचाराने सुटणारे प्रश्न : असे का झाले, दुप्पट घेतले तर काय होईल. यांची उत्तरे रोखून धरावीत. मात्र तेव्हा चूक स्वस्त करायला विसरू नये. साहित्य दुसऱ्यांदा मिळेल, फसलेल्या प्रयोगाच्या नोंदीलाही गुण आहेत, एवढे मुलांना आधी ठाऊक असले पाहिजे. तसे नसेल तर उत्तर रोखून आपण शोधाला चालना देत नाही, शेजारच्या वहीला देतो.

आणि संगणकाशिवाय करता येईल असे एक गणित. दिवसाला ७५ एकके लागतात, एका फळाने ९.३७५ मिळतात. समजा एका झुडपाला दर चार दिवसांनी एकच फळ येते. एका माणसाला किती झुडपे लावावी लागतील? उत्तर ३२ येते आणि सातवीची मुले ते काढतील. मग हळूच सांगा : पंधरा दिवसांचा हिवाळा येतो आहे, त्यात झुडपे फळणार नाहीत आणि तोडलेली फळे सहा दिवसांत कुजतात. आता काय करायचे? यापुढे काही सांगू नका. मुले काय काय विचारतात ते मात्र लिहून ठेवा.